वॉर्डात कार्यकर्ता म्हणून उतरताय? फ्लेक्स नंतर छापा, आधी रजिस्टर घ्या

पक्षात नाव नोंदवलं, गळ्यात उपरणं पडलं, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला अ‍ॅड झालात, आता करायचं काय हे मात्र कुणी धड सांगत नाही. वरनं फक्त आदेश येतात, अमक्या तारखेला जयंती, तमक्या तारखेला मेळावा, माणसं घेऊन या. त्याच्या मधल्या दिवसात वॉर्डात नेमकं काय करायचं त्यावर हे लिहितोय. पक्ष कुठलाही असू दे, झेंड्याचा रंग बदलला म्हणून खड्डा बदलत नाही आणि वॉर्ड ऑफिसातला ज्युनियर इंजिनियरपण तोच असतो.

सुरुवात एका जाड रजिस्टरनं करा. मोबाईलमधे नको, कारण मोबाईलमधली तक्रार ग्रुपवरच्या गुड मॉर्निंगखाली गाडली जाते. रकाने असे पाडा: तारीख, माणसाचं नाव आणि फोन, तक्रार काय, नेमकी जागा, कुठल्या ऑफिसला दिली, आवक नंबर (कागद घेतल्यावर ऑफिस त्यावर टाकतं तो), आणि परत कधी जायचं ती तारीख. हा शेवटचा रकाना बहुतेक जण ठेवतच नाहीत आणि तिथंच सगळं मरतं, निवेदन देतानाचा फोटो फेसबुकला पडतो, शंभर लाईक येतात आणि पाईप गळतच राहतो. ज्यांच्याकडं पद आहे त्यांच्या फोनवर साहेब उठून बसतो, आपल्याकडं पद नाही, आपल्याकडं कागद आहे. मुंबईत मार्च 2022 ला नगरसेवकांची मुदत संपून प्रशासक बसला, पुण्या-ठाण्यातही तेच झालं, आणि पुढं काही वर्षं लोकांना हक्कानं जायला नगरसेवकच उरला नाही. त्या काळात ज्या कार्यकर्त्यांनी कागद सांभाळले त्यांचीच कामं पुढं सरकली.

आता निवेदन लिहायचं कसं. नेहमीचा नमुना सगळ्यांनी पाहिलाय, "प्रभागातील नागरिकांना पाण्याबाबत अनेक समस्यांना सामोरे जावे लागत असून आपण योग्य ती कार्यवाही करावी अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल". हे वाचून इंजिनियरला कुठं जायचं तेच कळत नाही, मग तो फाईलला लावून मोकळा. त्यापेक्षा असं लिहा की शाळेच्या मागच्या फाटकासमोर, डीपीच्या उजव्या हाताला, लाईनचा जॉइंट गळतोय, सकाळी 6 ते 7.30 पाणी सुटतं तेवढा वेळ रस्त्यावरनं पाणी वाहतं, त्यामुळं गल्लीतल्या शेवटच्या घरांना प्रेशर मिळत नाही, दोन फोटो जोडलेत, जॉइंट दुरुस्त करून लेखी कळवावं. एका कागदावर एकच तक्रार. पाणी, गटार, दिवाबत्ती सगळं एका निवेदनात घातलंत की तो कागद तीन खात्यांत फिरत बसतो आणि प्रत्येक खातं म्हणतं की हे आमच्याकडं नाही.

आणि ते कुणाकडं आहे हे आधी आपणच बघायचं. रस्ता महापालिकेचा आहे की पीडब्ल्यूडीचा, की हायवेवाल्यांचा? खांबावरचा दिवा बंद असेल तर पालिका, पण अख्ख्या गल्लीची लाईट गेली असेल तर वीज कंपनी, महावितरण असेल तर नंबर 1912. मुंबईत पालिकेसाठी 1916. फोन केलात तर तक्रार नंबर घेतल्याशिवाय ठेवू नका.

पोच हा विषय वेगळा सांगतो कारण नवीन पोरं इथंच फसतात. दोन प्रती न्यायच्या, एक द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख, आवक नंबर घ्यायचा. क्लार्क म्हणेल ठेवून जा, साहेब आले की देतो, तुम्ही गोड बोलून म्हणायचं साहेबांना नंतर द्या, मला शिक्का आत्ता द्या. भांडायचं नाही. त्याच क्लार्ककडं तुम्हाला पुढच्या आठवड्यात परत जायचंय, आणि खरं सांगायचं तर कुठली फाईल कुणाच्या टेबलावर अडकलीय हे साहेबापेक्षा त्यालाच जास्त ठाऊक असतं.

दोनदा स्मरणपत्र देऊनही हललं नाही तर माहितीचा अधिकार. अर्जावर 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावायचं, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही लागत नाही. महाराष्ट्राच्या नियमात अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांत बसवायचा असतो हे लक्षात ठेवा, नाहीतर तिथंच परत येतो. उत्तराला 30 दिवस, नाही आलं किंवा पटलं नाही तर 30 दिवसांत पहिलं अपील, मग 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडं दुसरं. प्रश्न विचारू नका, कागद मागा. "रस्ता का खराब झाला" याला उत्तर मिळत नाही. त्याऐवजी त्या रस्त्याच्या कार्यादेशाची प्रत मागा, दोष दायित्व कालावधी किती ते मागा, मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मापं लिहितात ती) पानं मागा, ठेकेदाराला नोटिसा दिल्या असतील तर त्यांच्या प्रती मागा. पानाला 2 रुपये पडतात. दोष दायित्व कालावधी चालू असेल तर तो रस्ता ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं नीट करून द्यायचा असतो, आणि हे कागद हातात घेऊन गेलात की निधी नाही हे वाक्य तिथल्या तिथं बंद पडतं. एक मात्र आहे, आरटीआय टाकून ठेकेदाराबरोबर चहा प्यायला बसणारी जमात प्रत्येक गावात आहे आणि लोक त्यांना बरोबर ओळखून असतात, तुमचं नाव त्यात येऊ देऊ नका.

गावाकडं असाल तर ग्रामसभा सोडू नका. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, या तारखांना ग्रामसभा होतात, तिथं विषय लेखी द्यायचा आणि ठरावात आला की नाही ते वाचून घ्यायचं, नुसतं हात वर करून बोलून आलात तर ते प्रोसिडिंग बुकात येईलच असं नाही.

दाखल्यांसाठी लोक फार येतात, उत्पन्न, रहिवासी, जातीचा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 पासून लागू आहे, त्यात प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत, जबाबदार अधिकारी आणि दोन अपिलं ठरवून दिलीत, त्यावर आयोग. अर्जाची पावती आणि मुदतीची तारीख रजिस्टरला लिहा, एवढंच काम. फॉर्म भरायचे पैसे घेऊ नका, दहा रुपये पण नकोत, कारण उद्या तेच "त्यांच्यात पैसे घेतात" म्हणून चौकात येतं. आणि आधार, रेशन कार्डाचे फोटो ग्रुपवर मागवू नका, समोर बसून काम करा, मोबाईलमधे आलेले कागद काम झालं की डिलीट करा. बायका-मुलींचे नंबर ज्या रजिस्टरात आहेत ते कार्यालयाच्या टेबलावर उघडं पडलेलं मी पाहिलंय, फार वाईट दिसतं ते.

रात्रीचे फोन मात्र हॉस्पिटलचे. इथं माहिती पाठ पाहिजे कारण समोरचा माणूस रडत असतो. धर्मादाय म्हणून नोंदलेल्या रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, आणि इमर्जन्सीत डिपॉझिटसाठी पेशंट दारात अडवायचा नाही हेही धर्मादाय रुग्णालयांच्या योजनेत आहे. बोर्डावर मोठं इंग्रजी नाव असलेली कितीतरी हॉस्पिटलं धर्मादाय असतात हे लोकांच्या गावी नसतं. आपल्या भागातल्या अशा हॉस्पिटलांची यादी आधीच काढून ठेवा, तिथल्या मेडिकल सोशल वर्करला दिवसा शांतपणे एकदा भेटून या. नातेवाईकांना सांगायचं की रेशन कार्ड आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लगेच काढायला टाका. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसणारा आजार असेल तर हॉस्पिटलमधेच आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेची मदत करणाऱ्या माणसाचा, काउंटर असतो, अ‍ॅडमिट करतानाच तिथं जायचं, बिल झाल्यावर नाही. बिल माफ करून देतो असं कधीही बोलू नका. प्रयत्न करतो म्हणा, आणि तसे करा. डॉक्टरच्या अंगावर ओरडणं, काचा फोडणं असल्यानं पेशंटला काडीचा उपयोग होत नाही आणि बरोबर आलेल्या चार पोरांवर केस बसते ती वेगळी.

रक्तदान शिबिर सगळेच घेतात, पण सगळे साहेबांच्या वाढदिवसालाच घेतात. आता गंमत बघा, लाल पेशी 35 ते 42 दिवस टिकतात, प्लेटलेट तर 5च दिवस. म्हणजे एकाच आठवड्यात शहरात वीस शिबिरं झाली तर काही रक्त वाया जायची भीती, आणि मे महिन्यात कॉलेजं बंद, लोक गावाला, तेव्हा रक्तपेढ्या हात जोडत असतात. त्यामुळं तारीख रक्तपेढीला विचारून ठरवा, वाढदिवस केक कापून होतोच. रक्तदात्याचं वय 18 ते 65, वजन किमान 45 किलो, हिमोग्लोबिन 12.5, पुरुषांनी आधीच्या रक्तदानाला 90 दिवस आणि बायकांनी 120 दिवस झालेले असावेत. आकडा वाढवायला म्हणून उपाशी आलेल्या पोराला खुर्चीत बसवू नका, चक्कर येऊन पडला की पुढच्या वर्षी त्या बिल्डिंगमधनं कुणी येत नाही. मिक्सर, बॅग असल्या भेटवस्तू पण टाळा, वस्तूसाठी आलेला माणूस आजार लपवतो.

पावसाळ्याआधी मे महिन्यातच वॉर्ड पायी फिरा. नाल्यातला गाळ काढून काठावरच ठेवलाय का, पाणी तुंबायच्या जागा कुठल्या, कुठल्या मॅनहोलचं झाकण हलतंय, सगळं फोटोसकट पालिकेला द्या. पाणी तुंबलं म्हणून उत्साहानं झाकण उघडायचं नाही, कुणी उघडत असेल तर हात धरायचा. 29 ऑगस्ट 2017 च्या पावसात मुंबईत एक नामवंत डॉक्टर असेच उघड्या मॅनहोलमधे पडून गेले. आणि चोकअप काढायला कुणालाही पैसे देऊन गटारात उतरवायचं नाही, हातानं मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्यानं तो गुन्हा आहे आणि कायदा नसता तरी आत विषारी वायू असतोच. मशीन मागवा, उशीर झाला तरी चालेल.

मतदार यादीचं काम कंटाळवाणं म्हणून निवडणुकीच्या तोंडावर ढकललं जातं, ते वर्षभर करायचं. नवीन नावाला नमुना 6, आक्षेप किंवा नाव वगळायला 7, पत्ता बदल आणि दुरुस्तीला 8. आता 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर अशा चार पात्रता तारखा आहेत, म्हणजे पोरगं मार्चमधे 18 चं झालं तर पुढच्या जानेवारीची वाट बघायची गरज नाही. बीएलओ, म्हणजे आपल्या बूथची मतदार यादी सांभाळणारा अधिकारी, कोण आहे ते शोधा, बहुतेकदा शिक्षक किंवा अंगणवाडी ताई असतात, त्यांना घरं दाखवायला मदत करा. दुसऱ्या पक्षाचा मतदार वाटतो म्हणून खोटा 7 नंबर भरण्याचा उद्योग करू नका, खोट्या घोषणेला एक वर्षापर्यंत शिक्षा आहे.

दुसऱ्या पक्षाच्या कार्यकर्त्यांशी बोलायचं की नाही? बोलायचं. 1972 च्या महागाईत मृणाल गोरे समाजवादी, अहिल्या रांगणेकर मार्क्सवादी, तरी एकाच समितीत येऊन मुंबईच्या बायकांना लाटणी घेऊन रस्त्यावर आणलं. त्याच मृणालताईंना गोरेगावात पाणीवाली बाई म्हणायचे, आणि ते नाव काही बॅनरवर छापून आलेलं नव्हतं. पाण्याच्या निवेदनावर तीन पक्षांच्या सह्या असल्या तर इंजिनियरला "हे राजकारण आहे" म्हणायला जागाच उरत नाही. श्रेयाचं भांडण काम झाल्यावर करा की निवांत.

आंदोलन करायचंच झालं तर आधी पोलीस स्टेशनला लेखी कळवा, महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 ची जमावबंदी चालू आहे का ते विचारा. आणि पोलीस भरतीची, रेल्वेची तयारी करणारी पोरं पुढं उभी करू नका. नेत्यांवरचे गुन्हे पुढं मागे घेतले जातात, पोराचं व्हेरिफिकेशन मात्र त्याच महिन्यात असतं. त्यांना निवेदनं टाईप करायला, यादी तपासायला बसवा, आणि रस्ता रोकोला ज्यांच्या घोषणा चालल्यात त्यांनीच आडवं पडावं.

फ्लेक्सबद्दल एवढंच की विनापरवानगी लावलेला बोर्ड 1995 च्या विद्रूपीकरणाच्या कायद्यात बसतो, हायकोर्टानंही यावर पक्षांना झापलंय. वस्तू वाटताना घेणाऱ्याचा चेहरा फोटोत नको. वर्गणी काढणार असाल तर धर्मादाय कार्यालयाची परवानगी, पावतीपुस्तक, आणि हिशेब कार्यालयाच्या भिंतीवर.

आचारसंहिता लागली की वाटप बंद, वह्या, छत्र्या, साड्या काहीच नको, तो थेट लाचेचा विषय होतो. तक्रारी घेणं बंद करायचं कारण नाही, उत्तर मात्र बऱ्याचदा "निवडणुकीनंतर" असं येईल, ते लेखी घ्या आणि पुढची तारीख टाका. आणि पेशंटचा फोन आला तर आचारसंहिता काय म्हणते ते बघत बसू नका, 108 लावा.