सांबऱ्याला फी भरायला जाण्याआधी

निपाणी असो वा खानापूर, घरात कुणी "मला विमान चालवायला शिकायचंय" म्हटलं, की पहिला प्रश्न निघतो पैशाचा. बेळगावजवळच्या सांबरा विमानतळावर शिकायचं म्हणून विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो, पैसे सगळ्यात शेवटी. आधी डोळे तपासा.

खासगी परवान्यासाठी क्लास 2 वैद्यकीय तपासणी लागते आणि ती डीजीसीएने, म्हणजे परवाने देणाऱ्या केंद्राच्या विमान वाहतूक खात्याने, मान्यता दिलेल्या डॉक्टरांकडेच करावी लागते. चष्मा असला म्हणून घाबरायचं कारण नाही. चष्म्यातून नीट दिसलं तर चालतं. खरी अडचण रंगांची. रंगीत ठिपक्यांत दडलेला आकडा वाचायला देतात. लाल-हिरव्यात गल्लत होते हे कित्येकांना त्या दिवसापर्यंत ठाऊकच नसतं. गावातल्या नेत्रतज्ज्ञाकडे ही चाचणी दहा मिनिटांत होते. ती आधी करून घ्या, मग पुढचं बोलू.

मग कागदपत्रं. दहावी पास आणि वय 16 असेल तर विद्यार्थी परवाना मिळतो, खासगी परवान्याला 17 पूर्ण लागतात. पण आपल्याकडची कागदं एकमेकांशी जुळत नाहीत. माझ्या एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्स कार्डावर आडनाव आधी, आधारवर शेवटी आणि वडिलांच्या नावाचं एका ठिकाणी नुसतंच आद्याक्षर. तेवढ्यापायी माझे दोन महिने गेले. शिवाय 1 नोव्हेंबर 2014 पासून शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं, त्यामुळे जन्मस्थळाचं स्पेलिंगही दोन प्रकारचं सापडतं. नाव, जन्मतारीख, गाव सगळीकडे अक्षर न् अक्षर एक करून घ्या आणि मगच डीजीसीएकडे कॉम्प्युटर नंबरसाठी, म्हणजे लेखी परीक्षेला लागणाऱ्या नोंदणी क्रमांकासाठी, अर्ज करा.

घरच्यांना एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगा. खासगी परवान्यावर पगार घेऊन विमान चालवता येत नाही. तो मिळवायला किमान 40 तासांचं उड्डाण लागतं. नोकरीसाठीचा व्यावसायिक परवाना वेगळा, त्याला 200 तास आणि बारावीला फिजिक्स-गणित हवं. हा फरक न कळता कुणी शेत गहाण टाकू नये, एवढी माझी कळकळ आहे.

सांबरा आपल्याला हवाई दलाच्या प्रशिक्षण केंद्रामुळे माहीत. 2021 साली विमानतळ प्राधिकरणाने उड्डाण प्रशिक्षण संस्थांसाठी जे 5 विमानतळ निवडले, त्यांत बेळगाव होतं. म्हणजे घरी राहून शिकण्याची सोय आहे. मात्र वेळ साधा. मिरगाचा पाऊस सुरू झाला की ढग खाली येतात आणि छोटी विमानं दिवस दिवस जागची हलत नाहीत. ते चार महिने हवाई नियम, नेव्हिगेशन, हवामानशास्त्र आणि इंजिनाच्या अभ्यासाला द्या, लेखी परीक्षेत 70 टक्के लागतात. उड्डाण दसऱ्यानंतर सुरू करा.

हवामानाचा एक धडा तर आपल्या अंगणातलाच आहे. सांबऱ्याची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे 2,500 फूट उंच. या उंचीला प्रमाण तापमान साधारण 10 अंश धरतात. एप्रिलच्या दुपारी पारा 35 वर गेला की हवा इतकी विरळ होते, की विमानाला आपण 5,500 फुटांवर असल्यासारखं वाटतं. इंजिनाची ताकद घटते, पंखांखाली आधार कमी, धाव लांबते. गणित सोपं आहे, प्रमाणापेक्षा जास्तीच्या दर अंशाला अंदाजे 120 फूट धावपट्टीच्या उंचीत मिळवायचे. रोजचं तापमान बघून वहीत मांडायची सवय आतापासूनच लावून घ्या.

रेडिओवर बोलणं इंग्रजीत. मराठी माध्यमातल्या मुलांना इथेच धास्ती वाटते, पण ती भाषा मोजक्या ठरलेल्या शब्दांची आहे. तीनला 'ट्री', पाचला 'फाइफ', नऊला 'नाइनर'. घरात मोठ्याने म्हणत राहा, महिनाभरात जीभ वळते.

आता फी. भरण्याआधी एका सकाळी संस्थेत जाऊन बसा. त्या दिवशी किती विमानं खरोखर उडाली, प्रशिक्षक किती, मागच्या तुकडीचे तास वेळेत झाले का, हे तिथल्या विद्यार्थ्यांनाच विचारा. तास कुठल्या मीटरवर मोजतात आणि मध्येच सोडलं तर किती पैसे परत मिळतील, हे लेखी घ्या. हप्ते पाडून मागा.

पहिल्या दिवशी सुती कपडे, टोपी, पाण्याची बाटली, लॉगबुक (उड्डाणाचे तास नोंदवायची वही). प्रशिक्षक विमानाभोवती फेरी मारायला लावतील, तेव्हा घाई करू नका. टाकीतलं थोडं पेट्रोल पारदर्शक नळीत काढून उजेडात धरा. विमानाचं पेट्रोल फिकट निळं असतं, आणि पाणी शिरलं असेल तर तळाशी त्याचा वेगळा थर दिसतो. पंखाखाली वेग मोजणारी बारीक नळी असते, तिच्या तोंडात नीट वाकून बघा. झाकण रात्रभर निघालेलं राहिलं, तर कुंभारीण माशी तिथे मातीचं घर करते.