मुंग्यांची ओढाताण पाहायची असेल तर

मुंग्या मिळून अन्न कसे वाहून नेतात, हे पाहण्यासाठी साखर ठेवू नये. साखरेचा दाणा एकटी मुंगी घेऊन जाते आणि गुळाच्या खड्यावर सगळ्या जागीच चिकटून बसतात. एकीला पेलणार नाही, पण दहा-पंधराजणींना ओढता येईल असा एकच तुकडा हवा. ठाण्यातल्या आमच्या गॅलरीत बऱ्याच फसलेल्या प्रयत्नांनंतर मी कुरमुऱ्यावर येऊन थांबलो. तो आकाराने मोठा आणि वजनाला हलका असतो. फक्त आदल्या रात्री सुकटीच्या डब्यात ठेवावा, म्हणजे त्याला वास लागतो. सुकट चालत नसलेल्या घरात मेलेले झुरळही चालते, मात्र ते फवाऱ्याने मारलेले नसावे.

काळपट, जेमतेम 3 मिलिमीटर लांबीच्या, लांब पायांच्या आणि सैरावैरा धावणाऱ्या मुंग्या यासाठी उत्तम. ऊन चढण्यापूर्वी त्यांच्या रांगेपासून वीतभर अंतरावर कुरमुरा ठेवावा. लादी फिनाईलने पुसलेली नसावी. माझी एक सकाळ त्यातच वाया गेली.

आधी एखादी मुंगी तुकड्याभोवती फिरते, ओढून पाहते आणि परतते. थोड्या वेळाने बाकीच्या जमल्या की भिंग घेऊन बाजूने पाहावे; वरून वाकल्यास आपला श्वास त्यांना लागतो. पुढच्या बाजूच्या मुंग्या ओढत असतात, तर मागच्या तुकडा किंचित उचलून घर्षण कमी करतात. खरी गंमत पुढे आहे. तुकड्याला चिकटलेल्यांना घराची दिशा नीट कळत नाही; नुकतीच येऊन लागलेली मुंगी ती जाणते आणि बाकीच्या तिच्या ओढीला साथ देतात. इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या संशोधकांनी 2015 मध्ये याच जातीबद्दल हे दाखवून दिले, आणि तिचा प्रभाव 10 ते 20 सेकंदच टिकतो असेही त्यांना आढळले. आमच्याकडे सरकत्या खिडकीच्या खाचेत अडलेला कुरमुरा असाच एका नवागत मुंगीमुळे डावीकडे वळलेला मी पाहिला. म्हणून मोबाइलवर संथ गतीचे चित्रण करावे आणि नजर नव्याने येणारीवर ठेवावी.

ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात झाडांवर पाने शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्याही भक्ष्य मिळून ओढतात. तो भाग राष्ट्रीय उद्यानाचा असल्याने तिथे खाद्य टाकू नये, त्या जे नेत असतील तेच पाहावे, आणि पाहताना फांदीला टेकून उभे राहू नये.