एरर कमी, तरी मापं चुकीची? चेकरबोर्डने कॅमेरा कॅलिब्रेट करताना या चुका टाळा

प्रोग्रॅम चालला, एररचा आकडा (पटावरचे कोपरे फोटोत जिथे दिसले आणि हिशेबाने जिथे यायला हवेत, त्यांतलं अंतर) ०.३ पिक्सेल आला, आणि तरीही रोबोटचा हात वस्तूच्या चार मिलिमीटर शेजारी जाऊन थांबतो. भोसरी-चाकणच्या इन्स्पेक्शन लाइनवर असो की इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये, अशा वेळी आधी कोड उकरला जातो. कोडमध्ये सहसा काही सापडत नाही. ओपनसीव्ही या मोफत प्रोग्रॅम-संग्रहातलं कॅलिब्रेशन, म्हणजे काळ्या-पांढऱ्या घरांच्या पटाचे फोटो घेऊन कॅमेऱ्याची मापं काढणं, झेंग्यू झांग यांनी २००० साली मांडलेल्या पद्धतीवर उभं आहे. पट सपाट आहे, सगळी घरं सारखी आहेत आणि फोटो काढताना लेन्स जागची हललेली नाही, हे ती गृहीत धरते. यातलं काही खोटं असलं तरी प्रोग्रॅम तक्रार करत नाही. चूक मुकाट्याने फोकल लेंथमध्ये (लेन्स चित्र किती मोठं करते त्याचं माप, इथे पिक्सेलमध्ये) आणि डिस्टॉर्शनमध्ये (लेन्समुळे सरळ रेषा वाकणं) मुरते.

पट

अप्पा बळवंत चौकात किंवा कॉलेजच्या दारातल्या झेरॉक्सच्या दुकानात पीडीएफ दिली की बऱ्याचदा ‘फिट टू पेज’ लावूनच प्रिंट निघते आणि २५ मिमीचं घर २४च्या आसपास येतं. ‘अ‍ॅक्चुअल साइज, शंभर टक्के’ असं तोंडाने सांगा आणि प्रिंट हातात आली की तिथेच स्टीलच्या पट्टीने मोजा. एक घर मोजून दहाने गुणू नका. दहा घरं एकत्र मोजा, ती २५० मिमी भरली पाहिजेत. मग उभी सात घरं, १७५ मिमी. दोन्ही दिशांनी सारखंच लहान झालं असेल तर प्रिंट फेकायची गरज नाही, खरं माप कोडमध्ये टाका. तेही विसरलात तर एका कॅमेऱ्याची पिक्सेलमधली फोकल लेंथ बिघडत नाही, पण अंतरं आणि स्टिरिओची, म्हणजे कॅमेऱ्यांच्या जोडीची, बेसलाइन (दोन कॅमेऱ्यांमधलं अंतर) त्याच प्रमाणात चुकते. आडवं आणि उभं प्रमाण वेगवेगळं असेल, तर मात्र ती प्रिंट बाद.

कागद पुठ्ठ्यावर पाणीदार गोंदाने चिकटवणं ही सगळ्यात महागात पडणारी काटकसर. ओला कागद फुगतो, वाळताना पुठ्ठ्याला ओढतो आणि पट बशीसारखा वाकतो. पुण्याच्या पावसाळ्यात तर कोरडा लावलेला कागदसुद्धा हवेतला ओलावा घेऊन फुगतो, तोही दोन्ही दिशांनी सारखा नाही. दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्यांकडे ३ मिमीची एसीपी शीट (दोन अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यांमध्ये प्लॅस्टिक असलेला सपाट फळा) मिळते. तिच्यावर मॅट व्हिनाइलवर छापलेला पट लावून घ्या. मग ३० सेंमीची स्टीलची पट्टी तिच्या कडेवर उभी करून पटावर आडव्या, उभ्या आणि तिरप्या दिशेने टेकवा आणि उजेडासमोर धरा. झेरॉक्सचा साधा कागद सुमारे ०.१ मिमी जाड असतो. अशा तीन कागदांची घडी फटीतून सरकली, तर तो पट कामाचा नाही. लॅमिनेशन करू नका. ट्यूबलाइटची चमक काळ्या घरावर पडली की कोपरा सरकतो किंवा सापडतच नाही.

पटाभोवती साधारण एका घराएवढी पांढरी कड हवी. एका बाजूला सम आणि दुसऱ्या बाजूला विषम घरं ठेवा, उदाहरणार्थ १० आणि ७. बुद्धिबळाचा ८ बाय ८चा पट उलटा धरला तरी तसाच दिसतो, त्यामुळे स्टिरिओत डाव्या कॅमेऱ्याचा पहिला कोपरा उजव्याच्या शेवटच्या कोपऱ्याशी जुळवला जाऊ शकतो. आणि प्रोग्रॅमला घरं नव्हे, आतले कोपरे सांगायचे असतात: १० बाय ७ घरांना ९ बाय ६. एकाही फोटोत पट सापडत नसेल तर आधी हेच तपासा.

फोटो

खरं नुकसान इथे होतं. पट कॅमेऱ्यासमोर सरळ धरून, फक्त मागेपुढे करत वीस फोटो काढले जातात. फोटो सुबक दिसतात, पण फोकल लेंथ दुप्पट आणि अंतरही दुप्पट धरलं तरी समोरून धरलेल्या पटाचं चित्र तेच येतं. त्यामुळे कोणतं उत्तर खरं, हे प्रोग्रॅमला ठरवता येत नाही. पट ३० ते ४५ अंश कलला, की जवळची घरं मोठी आणि लांबची लहान दिसतात. फोकल लेंथ त्या फरकातूनच कळते. डावीकडे, उजवीकडे, वर, खाली असे कल द्या, आणि काही फोटोंत पट स्वतःभोवती ९० अंश फिरवा.

डिस्टॉर्शन फ्रेमच्या कडेला सर्वांत जास्त असतं. पट कायम मधोमध असेल तर कडेची माहिती मिळतच नाही, आणि अनडिस्टॉर्ट केल्यावर, म्हणजे फोटोतला वाकडेपणा हिशेबाने काढल्यावर, तिथल्या रेषा भलतीकडे वळतात. चारही कोपऱ्यांपर्यंत पट न्या. चांगले २० ते ३० फोटो पुरतात.

ऑटोफोकस बंद, झूम कायम, मोबाइल असेल तर स्टॅबिलायझेशनही बंद. पट हातात धरण्यापेक्षा खुर्चीला टेकवा. ट्यूबलाइट ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, म्हणून एक्स्पोजर १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवा, नाहीतर पट्टे येतात. पांढरं जळू देऊ नका. ते काळ्यावर पसरतं आणि कोपऱ्याला टेकलेली दोन काळी घरं एकमेकांपासून तुटतात.

व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो पाठवायचे तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. एरवी फोटो लहान होतो आणि निघालेली फोकल लेंथ त्या लहान फोटोची असते. ३८४०ची फ्रेम निम्मी करून १९२० केली तर आकडेही निम्मे होतात. पण व्हिडिओ मोडमध्ये सेन्सर कडेने कापला जात असेल तर हा हिशेब लागू नाही. ज्या मोडमध्ये काम, त्याच मोडमध्ये कॅलिब्रेशन.

आकडे

कोपऱ्याची जागा पिक्सेलहूनही बारीक ठरवताना (सबपिक्सेल) प्रोग्रॅम कोपऱ्याभोवतीचा एक चौकोन, म्हणजे विंडो, तपासतो. तिच्यासाठी (११, ११) हा आकडा डोळे झाकून उतरवला जातो. तिचा अर्थ २३ बाय २३ पिक्सेल. लांबच्या फोटोत घर १० पिक्सेलचं असेल तर शेजारचे कोपरेही विंडोत येतात आणि बरोबर सापडलेला कोपरा चुकीच्या जागी ओढला जातो. विंडोचा आकडा सर्वांत लहान घराच्या निम्म्यापेक्षा कमी ठेवा.

एरर खाली आणण्यासाठी जास्त एररचे फोटो सरसकट उडवू नका. त्यात बहुधा कललेले आणि कडेचे फोटो जातात, म्हणजे खरी माहिती देणारेच. आकडा सुधारतो, कॅलिब्रेशन बिघडतं. आधी कोपरे फोटोवर काढून पाहा. फोटो हललेला किंवा कोपरा चुकलेला असेल तरच तो काढा. समोरून काढलेल्या पाच फोटोंचा एररही मस्त कमी येतो.

निकाल हाती आल्यावर आडवी आणि उभी अशा दोन्ही फोकल लेंथ एका टक्क्याच्या आत जुळतात का, आणि १९२० बाय १०८०च्या फ्रेममध्ये प्रोग्रॅमने काढलेला लेन्सचा मध्य ९६०, ५४०च्या जवळ आहे का ते बघा. कॅमेऱ्याला दिसणारा आडवा कोन ६० अंश असेल तर फोकल लेंथ साधारण १६६३ पिक्सेल यायला हवी. खोक्यावर छापलेला कोन पुष्कळदा कर्णाचा असतो, तो इथे वापरू नका. फिशआय, म्हणजे अतिशय रुंद कोनाच्या, लेन्सला वेगळं मॉडेल लागतं.

मग ओळंब्याचा दोरा ताणून फ्रेमच्या कडेशी धरा, फोटो काढून अनडिस्टॉर्ट करा आणि दोऱ्याच्या दोन टोकांमध्ये सरळ रेषा ओढा. मध्ये पिक्सेलभरापेक्षा जास्त फट दिसली तर कडेचे फोटो कमी पडले आहेत. शेवटी पट आहे तिथून स्टीलच्या पट्टीच्या आधाराने कॅमेऱ्यापासून बरोबर १०० मिमी आणखी दूर सरकवा आणि प्रोग्रॅम किती सांगतो ते पाहा. ९७ आले तर आधी घराचं माप तपासा. ते बरोबर असेल तर फोकल लेंथ सुमारे ३ टक्के कमी निघाली आहे. कललेले फोटो पुन्हा काढा.