गाडीत शिरलेले पावसाचे पाणी: वाट शोधणे आणि गाडी वाळवणे

पावसानंतर गाडीतले कार्पेट पायाला ओले लागले, की बहुतेक जण मॅट उन्हात टाकतात, काचा थोड्या खाली करतात आणि दोन दिवसांनी काम झाले असे समजतात. कार्पेटचा वरचा थर तोवर खरोखरच वाळलेला असतो. मात्र त्याच्याखाली आवाज अडवण्यासाठी बसवलेला जाड फोम कित्येक लिटर पाणी धरून ठेवतो आणि वारा लागत नसल्यामुळे तो आपोआप वाळत नाही. एकदोन दिवसांत तिथे बुरशी धरू लागते, पुढे कुबट वास येतो आणि तळाचा पत्रा आतून गंजायला लागतो.

पाणी पावसाचेच आहे का, हे आधी पाहावे. पाऊस नसतानाही एसी चालवल्यावर पुढच्या सीटसमोर पायांपाशी ओल येत असेल, तर एसीची निचरानळी तुंबलेली असण्याची शक्यता जास्त असते. ओल चिकट असून तिला गोडसर वास येत असेल, तर ते हीटरमधून गळणारे कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, असते आणि ते काम मेकॅनिककडेच द्यावे. अनेक गाड्यांमध्ये सीटखाली आणि कार्पेटखाली वायरिंग व कनेक्टर असतात. त्यामुळे तळाशी पाणी साचलेले दिसल्यास किल्ली फिरवण्याआधी बॅटरीची ऋण तार सोडवावी. गाडी तुंबलेल्या पाण्यात बुडून उभी राहिली असेल, तर इंजिन मुळीच सुरू करू नये, कारण सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही आणि आतला कनेक्टिंग रॉड वाकतो.

साचलेले पाणी स्पंज, जुने टॉवेल किंवा पाणी ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर यांनी काढून घ्यावे, पण पूर्ण वाळवण्याची घाई करू नये, कारण गळतीची तपासणी करताना गाडी पुन्हा भिजणारच असते. या तपासणीत एक गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते: पाणी जिथे दिसते तिथूनच ते शिरलेले असते असे नाही. छतातून आलेले पाणी छताला आधार देणाऱ्या खांबाच्या आतून उतरून पायांपाशी साचते, तर मागच्या दिव्याच्या गॅस्केटमधून (दिव्यामागच्या पाणी अडवणाऱ्या पट्टीतून) शिरलेले पाणी डिकीत स्टेपनीच्या खोलगट जागेत सापडते. एकाने आत टॉर्च घेऊन बसावे आणि दुसऱ्याने बाहेरून साध्या पाइपने, खालून सुरुवात करून, हळूहळू वर सरकत पाणी सोडावे. वरून सुरुवात केली तर सगळेच एकदम भिजते आणि काहीच कळत नाही. संशयित जागी आतून टाल्कम पावडर भुरभुरली, तर पाण्याचा ओघळ स्पष्ट उमटतो.

दाराभोवतीची रबरी पट्टी, म्हणजे बीडिंग, फाटलेली दिसली की सगळा दोष तिलाच देण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात पुष्कळदा दोष असतो तो निचऱ्याच्या वाटा तुंबण्याचा. पुढच्या काचेखाली, वायपरपाशी असलेल्या जाळीत पाने साचली, की पाणी चढून हवेच्या मार्गाने आत येते. सनरूफ स्वतः सगळे पाणी अडवत नाही. त्याच्या चौकटीतल्या पन्हळीत उतरलेले पाणी कोपऱ्यांतल्या नळ्यांनी बाहेर जाणे अपेक्षित असते. प्रत्येक कोपऱ्यात थोडे पाणी ओतून ते गाडीखाली पडते का ते पाहावे. पडत नसेल तर लवचीक नायलॉनची दोरी हलकेच सरकवून नळी मोकळी करावी. हवेचा जोरदार दाब मारू नये, नळी आतल्या आत निसटते. दाराच्या पोकळीत पाणी जाणे स्वाभाविकच आहे, म्हणून दाराच्या खालच्या कडेची छिद्रे मोकळी हवीत. दाराच्या आतल्या पॅडमागे चिकटवलेला प्लास्टिकचा पडदाही तपासावा. स्पीकर बसवताना किंवा काचेची यंत्रणा दुरुस्त करताना तो उचकटला जातो आणि नीट परत चिकटवला जात नाही. कारण न शोधता सगळीकडे सिलिकॉन फासणे तर सर्वांत वाईट, कारण त्यामुळे निचऱ्याची छिद्रेच बुजू शकतात.

पाणी शिरण्याची वाट बंद झाली, की वाळवण्याचे काम मनापासून करावे. उंबऱ्याच्या पट्ट्या काढून कार्पेट उचलावे, फोम आणि पत्रा यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा अडकवून फट ठेवावी आणि तिथे पंख्याचा झोत सोडावा. फोम सुटा निघत असेल, तर बाहेर काढून वाळवणे सर्वांत उत्तम. सीट काढावीच लागली, तर तिच्याखालच्या पिवळ्या कनेक्टरांना एअरबॅग जोडलेली असू शकते हे लक्षात घेऊन, बॅटरी सोडवून काही मिनिटे थांबल्याशिवाय त्यांना हात लावू नये. खात्री नसल्यास ते काम जाणकाराकडेच सोपवावे. बाहेरची हवा दमट असेल तेव्हा काचा उघड्या ठेवून फारसा उपयोग होत नाही. अशा वेळी हवेतली आर्द्रता शोषणारे यंत्र आत ठेवून काचा बंद कराव्यात.

सुगंधी फवारा तूर्त बाजूला ठेवावा, कारण त्याने वास झाकला जातो आणि ओल उरली आहे की नाही हे कळेनासे होते. फोम पूर्ण वाळल्यावर खाण्याचा सोडा कार्पेटवर पसरून रात्रभर ठेवावा, सकाळी व्हॅक्यूमने ओढून घ्यावा आणि केबिन फिल्टर भिजला असल्यास बदलावा. कार्पेट परत बसवण्याची घाई मात्र करू नये. पुढचा जोरदार पाऊस होऊन गेल्यावर पत्र्यावर हात फिरवून तो कोरडा लागला, तरच ते बसवावे.