फुगवत्या कयाकमधून खळाळत्या पाण्यात : दोघंच जात असाल तर या चुका टाळा

कयाक म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी, अरुंद बोट. हवा भरून फुगवलेली ही बोट पाण्यात गेल्यावर ढिली पडली की लोक आधी पंक्चर शोधतात. बहुतेकदा ते नसतंच. काठावर ३५ अंशांच्या उन्हात बोटीच्या नळ्यांत २.५ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) हवा भरली आणि पाणी १२ अंशांचं असेल, तर आतली हवा आकसून दाब जवळपास निम्म्यावर येऊ शकतो. बोट दहा मिनिटं पाण्यात ठेवा, मग पुन्हा पंप मारा. जेवायला थांबून ती उन्हात ओढून ठेवलीत तर उलटं करा, थोडी हवा सोडा. नाहीतर जोड उकलतात. तळाचा आणि बाजूच्या नळ्यांचा दाब सहसा वेगळा असतो, तेव्हा बोटीवर छापलेले आकडे वाचूनच भरा.

तळ मऊ राहिला तर खरी पंचाईत होते. तळाला भोकं असलेल्या बोटीतलं पाणी आपोआप निघून जातं, पण तळ ताठ असेल तरच. मऊ तळ तुमच्या वजनाने खाली बसतो, पाणी आतच राहतं आणि जड झालेली बोट वेळेवर वळत नाही. दोष मात्र वल्ह्याला दिला जातो! टॉप-अप करूनही हवा जात असेल, तर साबणाचं पाणी आधी व्हॉल्व्हवर लावून बघा. वाळूचा एक कणही पुरतो.

बोट आडवी होऊन दगडावर आदळणार असं दिसलं की अंग आपसूक दगडापासून लांब झुकतं. तिथेच घात होतो : प्रवाहाकडची नळी दबते, तिच्यावर पाणी चढतं आणि बोट उलटते किंवा दगडाला चिकटून बसते. दगडाकडेच झुका, हवं तर त्याला मिठी मारा.

पाण्यात पडलात तर उभं राहायचा मोह आवरा. वाहत्या पाण्यात दगडांच्या फटीत पाय अडकला की प्रवाह माणसाला पुढे पालथं पाडतो. पाठीवर राहा, पाय वर आणि प्रवाहाच्या दिशेने. अपवाद एकच, आडव्या पडलेल्या झाडाचा. ते टाळणं शक्यच नसेल तर पालथं होऊन जोरात पोहत त्याच्यावर चढा. पाय पुढे ठेवून गेलात तर खाली ओढले जाल.

दोघांनी आपापली बोट घेऊन एकापाठोपाठ रॅपिडमध्ये, म्हणजे खळाळत्या पाण्याच्या टप्प्यात, शिरणं हा तर शुद्ध निष्काळजीपणा. दोघंही उलटले तर वाचवणारा कोणी उरत नाही. पहिल्याने उतरून खालच्या संथ पाण्यात थांबावं, थ्रो बॅग (पाण्यात पडलेल्याकडे फेकायच्या दोराची पिशवी) हातात घ्यावी आणि वल्हं उभं धरून ‘ये’ अशी खूण करावी. आडवं वल्हं म्हणजे ‘थांब’. १५ ते २० मीटरचा दोर पुरतो. तो फेकण्याआधी हाक मारा. दोर हाताला गुंडाळू नका आणि कमरेला तर बांधूच नका.

आणि हो, प्रवास संपतो तिथे, खाली उभ्या केलेल्या गाडीची किल्ली सुरुवातीला ठेवलेल्या वरच्या गाडीत विसरू नका. दोन्ही किल्ल्या लाईफ जॅकेटच्या चेनवाल्या खिशात, आतल्या कडीला अडकवून.