इंजिनच्या वायरिंगमधली शील्ड केबल : दोष कसा शोधायचा, जोड कसा द्यायचा

टॅकोमीटरचा काटा उड्या मारतो, गाडी मधूनच मिसफायर होते, स्कॅनरवर पी ०३३६ हा क्रँक सेन्सरच्या सिग्नलमधल्या दोषाचा कोड दिसतो आणि नवा क्रँक सेन्सर (क्रँकशाफ्टची स्थिती सांगणारा) टाकूनही फरक पडत नाही. अशा वेळी आणखी पार्ट बदलण्याआधी त्या सेन्सरची केबल तपासा.

दोन तारांच्या चुंबकीय क्रँक सेन्सरचा सिग्नल स्टार्टर फिरताना फार कमकुवत असतो, नॉक (सिलिंडरमध्ये इंधन अवेळी पेटून होणारी ठकठक) ओळखणाऱ्या नॉक सेन्सरचा तर मिलिव्होल्टमध्ये. शेजारच्या इग्निशन कॉइलचा आणि अल्टरनेटरचा गोंगाट त्यात मिसळला, की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कंट्रोल कॉम्प्युटर, फसतो. नॉक नसताना नॉक समजून तो टायमिंग मागे घेतो आणि पिकअप जातो. तारांभोवतीची जाळी किंवा फॉइल, म्हणजेच शील्ड, हा गोंगाट अर्थकडे वळवते. चुंबकीय गोंगाट मात्र मुख्यतः तारांचा पीळ रोखतो, त्यामुळे दुरुस्तीत पीळही जपावा लागतो.

शील्ड सहसा एकाच टोकाला, ईसीयूच्या बाजूला अर्थ केलेली असते. सेन्सरकडे ती मोकळी दिसली म्हणून इंजिनला जोडू नका. स्टार्टर शंभराहून जास्त अँपिअर ओढतो, तेव्हा इंजिन ब्लॉक आणि ईसीयू यांच्या अर्थमध्ये व्होल्टेजचा फरक पडतो. दोन्ही टोकं जोडली असतील तर करंट शील्डमधूनच वाहू लागतो आणि गोंगाट उलट वाढतो. तिसऱ्या पिनवर शील्डच आहे असं धरून चालू नका. हॉल सेन्सर या दुसऱ्या प्रकारच्या क्रँक सेन्सरलाही तीन पिना असतात. वायरिंग डायग्राम बघा.

तपासणीसाठी बॅटरीची निगेटिव्ह काढा, सेन्सर आणि ईसीयू दोन्हीकडचे कपलर सोडवा. प्रत्येक तार टोकापासून टोकापर्यंत १ ओहमच्या आत हवी. मोजताना केबल हलवत राहा. तार आणि शील्ड यांच्यात कंटिन्युइटी अजिबात नको. शील्डचा मूळचा अर्थ सोडवल्यावरही ती बॉडीला लागत असेल, तर कुठेतरी घासून उघडी पडली आहे. प्रोबची सुई इन्सुलेशनमध्ये टोचू नका, त्या छिद्रातून ओल शिरते.

जोड देताना वरचं आवरण ५-६ सेंमी सोलून जाळी मागे सारा. हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) आधीच ओवून ठेवा. दोन तारांचे जोड एकमेकांपासून २ सेंमी पुढे-मागे घ्या, म्हणजे फुगवटा येत नाही आणि शॉर्टचा धोका टळतो. क्रिंप (दाबून बसवलेला जोड) उत्तम, सोल्डर केलंत तर रोझिन फ्लक्सचं वापरा आणि जोडाला आधार द्या, कारण सोल्डर जिथे संपतं तिथे तार कंपनाने तुटते. रंग जुळवा : चुंबकीय सेन्सरच्या तारा उलटल्या तर टायमिंग चुकतं. श्रिंक बसल्यावर पुन्हा पीळ द्या.

अॅल्युमिनियम फॉइलवर साधं सोल्डर धरत नाही, म्हणून ड्रेन वायर (फॉइलला लागून जाणारी उघडी तार) जोडा. तिच्यावर तांब्याची फॉइल टेप अशी गुंडाळा, की दोन्हीकडच्या जुन्या शील्डवर किमान १ सेंमी चढेल. शेवटी आतून गोंद असलेली हीट श्रिंक. पीव्हीसी टेप उष्णतेत सुटते.

वाकवताच आवरणाला तडे जात असतील तर ठिगळ टिकणार नाही. निरोगी भागापर्यंत तशीच शील्ड केबल नवी टाका. ती कॉइलपासून आणि एक्झॉस्टपासून दूर न्या, कॉइलची वायर ओलांडावीच लागली तर काटकोनात. मग इंजिन आयडलवर ठेवून केबल हलवा आणि स्कॅनरवर आरपीएम स्थिर राहतो का ते बघा.