धोरणाच्या वादात संशोधन कसं वापरावं

‘संशोधनाने सिद्ध झालंय’ हे वाक्य धोरणाच्या वादात बहुतेक वेळा समोरच्याचं तोंड बंद करायला वापरलं जातं. मग समोरचाही दुसरं संशोधन काढतो आणि दोघं आपापल्या जागी आणखी घट्ट बसतात. म्हणून अभ्यास शोधायला नंतर बसा. आधी भांडण कशाचं आहे ते कागदावर उतरवा.

मागणीचे तुकडे करा

‘प्राथमिक शाळेतले वर्ग लहान करा’ ही मागणी घ्या. दिसायला एक वाक्य, पण त्यात निदान पाच दावे आहेत. लहान वर्गात मुलं जास्त शिकतात. हा फरक खर्चाच्या मानाने पुरेसा मोठा आहे. तेवढ्याच पैशात दुसरं काही केलं तर इतका फायदा होणार नाही. वाढीव वर्गांना शिक्षक आणि खोल्या मिळतील. आणि प्रत्येक मुलाकडे शिक्षकाचं लक्ष जाणं हे परीक्षेतल्या गुणांइतकंच मोलाचं आहे. पहिल्या चारांना पुराव्याने उत्तर देता येतं, निदान अंशतः. पाचवा मूल्यांचा प्रश्न आहे.

ओळखायची खूण सोपी आहे: सगळी माहिती अगदी बिनचूक मिळाली, तरी आपण दोघं भांडत राहू का? उत्तर ‘हो’ असेल तर तो मुद्दा वेगळ्या पानावर घ्या. त्या पानावर आकडे फेकून काही हाती लागत नाही. कोणाच्या खिशातून जाणार आणि कोणाच्या पदरात पडणार, हे तिथे सरळ बोलावं लागतं. जाणकार मंडळी नेमकी इथेच घसरतात. स्वतःची पसंती ती ‘तज्ज्ञांचं मत’ म्हणून पुढे करतात, आणि ऐकणाऱ्यांना ते बरोबर कळतं.

मत कशाने बदलेल ते आधी लिहा

तुकडे झाले की, एकही अभ्यास उघडण्यापूर्वी, प्रत्येक बाजूने दोन ओळी लिहायच्या: काय दिसलं तर मी माझा दावा मागे घेईन, आणि फरक किती मोठा हवा. ‘फरक पडला पाहिजे’ एवढ्याने भागत नाही. ‘वर्षाअखेर वाचनात दोन महिन्यांच्या शिकण्याइतका फरक’ असं मापात लिहा. ज्याला एकही अट सुचत नाही, त्याचा मुद्दा बहुधा मूल्यांच्या पानावरचा असतो. त्यात कमीपणा काही नाही, फक्त पान बदलायचं.

संशोधकांनाही हे जमतं. डॅनियल कानेमन आणि अँगस डीटन यांना २०१० मध्ये अमेरिकेच्या आकडेवारीत असं दिसलं, की वार्षिक उत्पन्न सुमारे ७५ हजार डॉलरच्या पुढे गेलं की रोजचं सुख वाढायचं थांबतं. २०२१ मध्ये मॅथ्यू किलिंग्सवर्थ यांना ते वाढतच जाताना दिसलं. एकमेकांना लेखांतून उत्तरं देत बसण्याऐवजी कानेमन आणि किलिंग्सवर्थ यांनी बार्बरा मेलर्स यांना मध्यस्थ घेतलं आणि एकत्र बसून डेटा तपासला. २०२३ मध्ये उत्तर आलं: सुख अडतं ते फक्त सर्वात कमी सुखी असलेल्या गटाचं, बाकीच्यांचं वाढत राहतं.

एक अभ्यास वाचताना

सारांश आणि निष्कर्ष शेवटी वाचा. आधी पद्धतीचा भाग आणि मुख्य तक्ता उघडा, आणि तुलना कोणाशी केली आहे ते शोधा. ‘आधी इतकं होतं, नंतर इतकं झालं’ एवढंच असेल तर सावध व्हा. गेल्या वर्षी सर्वाधिक अपघात झालेले दहा चौक निवडून तिथे कॅमेरे बसवले, तर कॅमेरे बंद असले तरी पुढच्या वर्षी आकडा बऱ्याचदा उतरतो, कारण त्या चौकांची निवडच एका वाईट वर्षावरून झालेली असते. निवडीसाठी तीन ते पाच वर्षांची सरासरी घ्या आणि तसेच, पण कॅमेरा नसलेले चौक सोबत मोजा.

तुलनागट नसला की माणसं किती फसतात, हे ‘स्केअर्ड स्ट्रेट’ या कार्यक्रमात दिसलं. वाट चुकू पाहणाऱ्या मुलांना तुरुंगात न्यायचं, कैद्यांकडून घाबरवायचं, म्हणजे ती गुन्ह्याकडे वळणार नाहीत, अशी कल्पना. १९७० च्या दशकात अमेरिकेत तिचा मोठा बोलबाला झाला. पुढे चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा उलटंच निघालं: कार्यक्रमाला नेलेल्या मुलांच्या हातून न नेलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे घडले होते.

तुलना पटली की फरकाचा आकार बघा. ‘धोका ५० टक्क्यांनी वाढला’ म्हणजे हजारात दोनाचे तीन झाले, की दोनशेचे तीनशे? मूळ प्रमाण सोबत असल्याशिवाय टक्केवारी पुढे पाठवू नका. सर्व्हे असेल तर एवढं लक्षात ठेवा: सरसकट लोकसंख्येतून चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या हजार जणांच्या सर्व्हेत आकडा साधारण तीन टक्के इकडेतिकडे होऊ शकतो. त्यातल्या शंभर जणांच्या एखाद्या गटाबद्दल बोलायला लागलात की हीच चूक दहा टक्क्यांपर्यंत जाते. चूक निम्म्यावर आणायची तर नमुना चौपट लागतो.

आणखी एक गफलत हमखास होते. दोन शाळांत योजना राबवली, दोन शाळांत नाही, मुलं मिळून दोन हजार. अहवालात नमुना दोन हजारांचा म्हणून छापला जातो. पण योजना शाळेला दिलेली आहे, मुलाला नाही, त्यामुळे तुलना फक्त चार शाळांची होते. एका शाळेचा मुख्याध्यापक बदलला तरी निकाल फिरेल.

निर्णय मोठ्या पैशाचा असेल तर मूळ फाइल मागा. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांच्या २०१० च्या लेखात, सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलेल्या देशांची सरासरी आर्थिक वाढ उणे ०.१ टक्के दिसत होती. सरकारी खर्चात कपात हवी म्हणणाऱ्यांनी तो आकडा उचलून धरला. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या तिघांनी ती स्प्रेडशीट मिळवून तपासली. सरासरीच्या सूत्रात पाच देशांच्या ओळी सुटल्या होत्या, आणि सगळं दुरुस्त केल्यावर सरासरी अधिक २.२ टक्के आली. गाजल्या त्या सुटलेल्या ओळी. प्रत्यक्षात मोठा फरक पडला तो कोणती वर्षं वगळली आणि कोणत्या देशाला किती वजन दिलं यामुळे. फाइल हातात आली की सूत्रांआधी या निवडी तपासा.

तिथे जमलं ते इथे जमेल का

वर्ग किती मोठा असावा या प्रश्नावर एक भक्कम प्रयोग आहे. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १९८५ पासून चार वर्षं तो ‘स्टार’ या नावाने चालला: ७९ शाळा, सुमारे ११,६०० मुलं, बालवर्ग ते तिसरी. एकाच शाळेत मुलं आणि शिक्षक चिठ्ठ्या टाकून तीन प्रकारच्या वर्गांत वाटले. १३ ते १७ मुलांचा लहान वर्ग, २२ ते २५ मुलांचा नेहमीचा वर्ग, आणि पूर्णवेळ मदतनीस दिलेला नेहमीचा वर्ग. लहान वर्गातली मुलं वाचनात आणि गणितात पुढे गेली. मदतनिसाने जवळजवळ काहीच फरक पडला नाही.

१९९६ मध्ये कॅलिफोर्नियाने हीच कल्पना राज्यभर एकदम लागू केली. वर्ग २० मुलांवर आणणाऱ्या शाळांना सरकारने माणशी अनुदान दिलं. हजारो शिक्षक एकाच वेळी हवे झाले, तेव्हा पूर्ण पात्रता नसलेल्यांची भरती झाली. सुखवस्तू भागातल्या शाळांत जागा निघाल्या तसे गरीब भागातले अनुभवी शिक्षक तिकडे सरकले. खोल्या कमी पडल्या म्हणून ग्रंथालयं आणि संगणककक्ष वर्गांनी व्यापले. शिवाय सगळ्यांनीच वर्ग लहान केल्यामुळे तुलनेला कोणी उरलं नाही, आणि एवढा पैसा ओतून मुलं जास्त शिकली का, हे नीट सांगता येईना.

टेनेसीचा प्रयोग खोटा नव्हता. तिथे शिक्षक तुटपुंजे नव्हते, कॅलिफोर्नियात झाले. टेनेसीत वर्ग १५ च्या आसपास होता, कॅलिफोर्नियात २० चा. म्हणून परक्या ठिकाणचा पुरावा आणताना उपायाची साखळी लिहून काढा: पैसा येतो, खोल्या मिळतात, शिक्षक भरले जातात, वर्ग लहान होतो, शिक्षक शिकवण्याची रीत बदलतो, मूल जास्त शिकतं. प्रत्येक कडीपुढे तीन नोंदी करा. मूळ ठिकाणी ही कडी कोणी सांभाळली, इथे कोण सांभाळणार, आणि काम शंभरपट वाढलं तर ती टिकेल का. आमच्या मते सर्वात आधी तुटते ती माणसं भरण्याची कडी, आणि बहुतेक प्रस्तावांत तिला एकच ओळ मिळालेली असते.

सगळीकडे एकदम राबवण्याएवढा पैसा नाहीतरी बहुधा नसतोच. मग आधी कोणाला द्यायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. मेक्सिकोत १९९७ मध्ये सुरू झालेल्या, गरीब कुटुंबांना रोख मदत देणाऱ्या ‘प्रोग्रेसा’ योजनेत अभ्यासासाठी घेतलेल्या ५०६ गावांपैकी ३२० गावांना मदत आधी मिळाली आणि १८६ गावांना नंतर. वशिल्याचा आरोप टळला आणि तुलनागट आयता मिळाला.

एका अभ्यासावर भिस्त नको

२०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले, तेव्हा सांख्यिकीच्या कसोटीवर फक्त ३६ टक्केच पुन्हा उतरले. दुसऱ्या एका प्रकल्पात २९ गटांना फुटबॉलचा एकच डेटा आणि एकच प्रश्न दिला: पंच सावळ्या खेळाडूंना लाल कार्ड जास्त दाखवतात का? २० गटांना लक्षणीय संबंध सापडला, ९ गटांना नाही. कोणीही लबाडी केली नव्हती. त्यामुळे आधी पद्धतशीर आढावे शोधा, त्यांत छापून न आलेले अभ्यास धरले आहेत का ते पाहा, आणि ‘परिणाम आहे की नाही’ ऐवजी ‘किती ते किती दरम्यान’ असं लिहा.

समोरासमोर बसल्यावर

डॅन कहान आणि सहकाऱ्यांनी ११११ अमेरिकन प्रौढांना एक तक्ता दाखवला. त्वचेचं क्रीम लावलेल्यांपैकी २२३ जणांचा पुरळ बरा झाला, ७५ जणांचा वाढला. न लावलेल्यांपैकी १०७ जणांचा बरा झाला, २१ जणांचा वाढला. २२३ हा आकडा मोठा, म्हणून क्रीम गुणकारी वाटतं. भागाकार केला की कळतं, क्रीमवाले ७५ टक्के बरे झाले आणि बिनक्रीमचे ८४ टक्के. गणितात चांगल्या असलेल्यांना हे जास्त जमलं. मग तेच आकडे बंदूकबंदी आणि गुन्ह्यांच्या नावाने दिले, तेव्हा गणितातल्या हुशारांमधली राजकीय दरी कमी होण्याऐवजी आणखी रुंदावली. उत्तर मनाविरुद्ध वाटलं तरच ते भागाकार करायचे.

यावरची युक्ती अशी: वादाचा तक्ता मथळे झाकून छापा. ‘उपाय अ’, ‘उपाय ब’, ‘निकाल १’, ‘निकाल २’. दोन्ही बाजूंनी कोणती संख्या कशाने भागायची ते लिहून द्यावं, उत्तर काढावं, मगच मथळे उघडावेत. दहा मिनिटांचं काम आहे.

चुकीची माहिती दुरुस्त केली तर माणूस आणखी हट्टाला पेटतो, असं बरेचदा सांगितलं जातं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५२ मुद्द्यांवर दहा हजारांहून जास्त लोकांना तपासलेल्या अभ्यासात तसं जवळपास आढळलं नाही. तेव्हा चूक जरूर दाखवा, पण त्यामुळे मत बदलेल असं धरू नका, ते दुसरं काम आहे. २०१६ मध्ये डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ काल्ला यांनी मायामीत दारोदार जाऊन केलेल्या संवादांचा प्रयोग छापला. साधारण दहा मिनिटांच्या एका बोलण्याने ट्रान्सजेंडर लोकांबद्दलचा पूर्वग्रह कमी झाला, आणि तीन महिन्यांनीही तो परिणाम टिकला होता. बोलणाऱ्यांचा भर मुद्दे मांडण्यावर नव्हता. त्यांनी समोरच्याचं ऐकून घेतलं आणि ‘वेगळे आहात म्हणून तुम्हाला कधी कोणी नावं ठेवली होती का’ असं विचारलं. (अशाच दारोदार संवादांवरचा आधीचा एक गाजलेला लेख २०१५ मध्ये मागे घेतला गेला. त्यातल्या डेटामधली विसंगती याच दोघांनी आणखी एका सहकाऱ्यासोबत उघडकीला आणली होती.)

बैठक घेणार असाल तर एका टेबलाला आठ-दहा माणसं आणि स्वतःचं मत न मांडणारा एक सूत्रधार पुरेसा होतो. पहिला अर्धा तास फक्त माहितीचे प्रश्न, मतं नाहीत. तज्ज्ञ दोन्ही बाजूंचे बोलवा आणि त्यांना निर्णयाच्या वेळी बाहेर ठेवा. मतदान गुप्त घ्या. आयर्लंडच्या नागरिक सभेत २०१६ ते २०१८ दरम्यान लोकसंख्येतून निवडलेले ९९ नागरिक आणि एक अध्यक्ष होते. गर्भपातावर जवळजवळ बंदी घालणाऱ्या घटनादुरुस्तीवर त्यांनी तज्ज्ञ ऐकले, छोट्या टेबलांवर चर्चा केली आणि गुप्त मतदानाने ती बदलण्याची शिफारस दिली. मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के मतं बदलाच्या बाजूने पडली.

टिपण आणि तारीख

निर्णय घेणाऱ्याला एकच पान द्या. वर परिणामाचा अंदाज, किती ते किती. त्याखाली पुरावा कुठल्या लोकांवरचा आहे. मग साखळीतली सर्वात कच्ची कडी. शेवटी मूल्यांचा जो प्रश्न संशोधनाने सुटणार नाही तो, दोन्ही बाजूंच्या शब्दांत, आणि ती ओळ त्या त्या बाजूला दाखवून घेतलेली.

पानाच्या तळाशी फेरतपासणीची तारीख, कोणता आकडा पाहायचा, तो कोण गोळा करणार आणि कोणत्या आकड्याला योजना बंद, हे चारही लिहा. तारीख फार जवळची ठेवू नका. अमेरिकेत १९९० च्या दशकात गरीब कुटुंबांना बऱ्या वस्तीत घर घ्यायला मदत देणारा ‘मूव्हिंग टू ऑपॉर्च्युनिटी’ प्रयोग झाला. सुरुवातीच्या तपासण्यांत मोठ्यांच्या कमाईत फरक दिसला नाही. २०१६ च्या अभ्यासात मात्र, तेराव्या वर्षाआधी स्थलांतर केलेली मुलं विशीच्या मध्यावर ३१ टक्के जास्त कमावताना आढळली. म्हणून मुलांसाठीच्या योजनेला दोन तारखा द्या: राबवणुकीच्या तपासणीसाठी एक वर्षाची, परिणामासाठी दहा वर्षांपुढची. आणि दुसऱ्या तारखेपर्यंत नावं-पत्ते व संमतिपत्रं कोण सांभाळणार, त्याचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरा.